शिरेतून दिलेली हळद

दरवर्षी पहिल्या सत्रात मी मुलांना दोन बीकर घ्यायला सांगतो. एकात पाणी, दुसऱ्यात कोमट गोडेतेल, दोन्हींत अर्धा अर्धा चमचा हळद. ढवळायचं आणि बाजूला ठेवायचं. तास संपेपर्यंत पाण्यातली हळद तळाशी बसलेली असते, वर गढूळ पिवळट पाणी. तेलातही चोथा खाली जातो, पण तेल स्वतः पिवळंधमक होतं. आमच्या सांगलीची पोरं यावर हसतात. मार्केट यार्डातले हळदीचे सौदे बघत ती वाढलेली असतात, हरिपूरच्या पेवांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांच्या, गोष्टी त्यांनी आजोबांकडून ऐकलेल्या असतात. फोडणीच्या तेलात हळद का पडते हे त्यांना मी काय सांगणार? मी एवढंच म्हणतो की हे दोन बीकर डोळ्यांसमोर ठेवा, आणि कॅलिफोर्नियातलं एक प्रकरण सांगायला घेतो.

प्रकरण

मार्च 2017. सॅन डिएगो परगण्यात राहणारी 30 वर्षांची एक स्त्री इसबावर उपचार घ्यायला नॅचरोपॅथकडे गेली. निसर्गोपचार म्हटलं की आपल्याला उरुळी कांचन आठवतं: मातीची पट्टी, कटिस्नान, बिनमिठाच्या भाज्या. कॅलिफोर्नियात मात्र नॅचरोपॅथ हा परवानाधारक व्यावसायिक असतो आणि ठरावीक प्रशिक्षण घेतलेलं असेल तर सलाईनही लावू शकतो. इथे तेच झालं. कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळेपण देणारा मुख्य घटक, इमल्शनच्या, म्हणजे तेल-पाण्याच्या एकजीव मिश्रणाच्या रूपात तिच्या शिरेतून द्यायला सुरुवात झाली.

काही मिनिटांत तिची नाडी लागेना. छाती दाबून, कृत्रिम श्वास देऊन हृदय पुन्हा चालू केलं, पण मधल्या वेळात मेंदूला प्राणवायू मिळालेला नव्हता. महिन्याच्या मध्यावर रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. शववैद्यकाने साखळी अशी नोंदवली: शिरेतून दिलेल्या हळदीच्या द्रावणाची प्रतिक्रिया, तिच्यामुळे हृदय आणि श्वास बंद पडणं, आणि त्यातून मेंदूची हानी. मृत्यूचा प्रकार, अपघाती.

त्याच सुमारास दुसरी तक्रार आली. रुग्ण 71 वर्षांचा पुरुष, त्रास प्लेटलेट कमी झाल्याचा, उपचार करणारा पुन्हा नॅचरोपॅथ, आणि इमल्शन त्याच औषधशाळेचं. त्यालाही सलाईन लावल्यावर तीव्र प्रतिक्रिया आली. तो वाचला.

बातम्यांत अर्थातच हळदीने जीव गेला असं आलं. आपल्याकडे ती बातमी पोचली तेव्हा दोन प्रकारचे लोक भेटले. एकांना वाटलं की अमेरिकेला आपल्या हळदीचं वावडं आहे, कुणीतरी कट करतंय. दुसऱ्यांना वाटलं, बघा, या घरगुती औषधांवर विश्वास ठेवू नये. कुपीत नेमकं काय होतं हे विचारणारं मला तेव्हा कुणी भेटलं नाही.

कुपीत काय होतं

ते विचारलं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, आणि उत्तर ऑगस्ट 2017 मध्ये जाहीर केलं.

लेबलवर लिहिलेलं प्रमाण होतं दर मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम कर्क्युमिन. तपासणीत निघालं त्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्याच्या नावाने उपचार चालला होता, ते औषध कुपीत जवळजवळ नव्हतंच. मग शिरेत गेलं काय? गेलं प्रामुख्याने ते, ज्याच्या जोरावर कर्क्युमिन पाण्यात मिसळलेलं ठेवायचं होतं: पीईजी 40 कॅस्टर ऑइल.

नावात कॅस्टर ऑइल असलं तरी लहानपणी नाक दाबून पाजलेलं एरंडेल हे नव्हे. एरंडेलावर एथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून बनवलेला हा पायसकारक, तेल आणि पाणी यांना एकत्र बांधून ठेवणारा पदार्थ. अशा पदार्थांची अंगावर येणारी प्रतिक्रिया वैद्यकशास्त्राला नवी नाही. याच्याच भावकीतला एक पायसकारक कर्करोगावरच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये असतो. कुठल्याही कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा. पॅक्लिटॅक्सेल चढवण्याआधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शन द्यायचंच, सलाईन सावकाश सोडायचं, आणि पहिली काही मिनिटं रुग्णाच्या उशाशी थांबायचं. रुग्ण कासावीस झाला, चेहरा लाल झाला, छाती भरून आली की लगेच बंद. औषध जीव वाचवणारं आहे म्हणून तो धोका पत्करतात, आणि पत्करताना एवढी तयारी ठेवतात. कर्क्युमिनच्या कुपीवर या प्रतिक्रियेबद्दल सावधानतेची ओळसुद्धा नव्हती.

पुढचं आणखी वाईट. वापरलेला कच्चा माल औषधी दर्जाचा नव्हताच. त्याच्या डब्यावर सरळ इशारा छापलेला होता की हा माल फक्त उत्पादनासाठी किंवा प्रयोगशाळेसाठी आहे. आणि एफडीएला त्यात डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं.

हे नाव मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो. मुंबईच्या औषधजगताला ते 1986 पासून चांगलं माहीत आहे. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या आणि डोळ्यांच्या रुग्णांना दाब कमी करण्यासाठी ग्लिसरिन पाजलं गेलं. ग्लिसरिन कारखान्यात वापरायच्या दर्जाचं होतं, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, आणि 14 जण गेले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, मंत्र्याला पद सोडावं लागलं. त्याच्याही अर्धशतक आधी, 1937 मध्ये, अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध याच द्रवात विरघळवून विकलं होतं. शंभरावर माणसं गेली, त्यांत बरीच मुलं. पुढच्याच वर्षी तिथे नवा औषध कायदा आला. म्हणजे ऐंशी वर्षांतल्या या तिन्ही प्रकरणांत तेच: नाव औषधाचं, आणि घात त्याच्यासोबत आत गेलेल्या दुसऱ्याच पदार्थाकडून.

इथे एक भेद मात्र पाळायला हवा, आणि परीक्षेत मुलं नेमकी इथेच घसरतात. डायएथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं, त्याला तास-दिवस लागतात. काही मिनिटांत नाडी जाणं हे त्याचं लक्षण नव्हे. या स्त्रीचा मृत्यू तीव्र अतिसंवेदनशील प्रतिक्रियेसारखा दिसतो, आणि माझं बोट पायसकारकाकडे जातं. एफडीएने धोक्याची जी तीन कारणं मांडली त्यांतलं पहिलं तेच होतं. दुसरं, दर्जा नसलेला कच्चा माल. तिसरं, मुळात कर्क्युमिन शिरेतून देणं, कारण त्या वाटेने ते सुरक्षित आहे याचाही पुरावा नाही आणि इसबावर किंवा प्लेटलेटवर गुणकारी आहे याचाही.

ही कुपी कुठल्या मोठ्या कारखान्यातून आलेली नव्हती. अमेरिकेत कंपाउंडिंग फार्मसी असतात. डॉक्टरने लिहून दिलं की त्या रुग्णापुरतं औषध तयार करून देतात, जसं आपल्याकडे जुने कंपाउंडर कागदाची पट्टी चिकटवलेल्या बाटलीत मिक्सचर देत. अशा औषधांना नव्या औषधासारखी मंजुरी लागत नाही. 2012 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अशाच एका फार्मसीच्या बुरशी लागलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनांनी साठच्या वर माणसं दगावली होती. 2013 मध्ये त्यावर कायदा कडक झाला, तरी 2017 मध्ये ही कुपी निघालीच.

हळद इतकी हट्टी का

आता ते दोन बीकर. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. आम्लारीधर्मी पाण्यात विरघळतं, पण रंग बदलून, आणि मग पटकन मोडून जातं. हे रसायनशास्त्र आपल्या घरात कधीपासून आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्यातूनच आलं. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं आणि साबण लावला की डाग लाल होतो. तोच सदरा दोन दिवस कडक उन्हात टाकला की डाग निघून जातो, कारण उजेडातही कर्क्युमिन टिकत नाही. पाण्याशी जमत नाही, क्षारात तग धरत नाही, उजेड सोसत नाही. असला पदार्थ कुपीत भरून शिरेत सोडायचा तर त्याच्याभोवती किती कसरत करावी लागेल याचा अंदाज करा. ती कसरत म्हणजे पायसकारक.

पोटातून घेतली तरी फारसं काही रक्तात पोचत नाही. आतडं थोडंच शोषतं, आणि जे शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरं रूप देऊन वाटेला लावतात. जुन्या जकात नाक्यांसारखं: मालाची गाडी गावात शिरेपर्यंत निम्मा माल नाक्यांवरच राहायचा. यावर तोड म्हणून 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पायपेरीन दिलं, आणि माणसांत शोषण 20 पट वाढल्याचं नोंदवलं. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांवर मिरीचं चित्र असतं ते यामुळे.

पण नाका उठवला की फक्त आपलाच माल आत येतो असं नाही. पायपेरीन इतर औषधांचीही पातळी वाढवू शकतं. आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या यकृत-इजेच्या नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांनी हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले 10 रुग्ण मांडले, त्यांतला एक दगावला. काहींच्या गोळ्यांत पायपेरीनही सापडलं. दहांपैकी सात जणांत एकच ठरावीक जनुकीय खूण होती, म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही. वरणातल्या हळदीशी याचा काही संबंध नाही. संबंध आहे तो हळद जबरदस्तीने आत घुसवण्याशी.

शीर हा तर सगळ्याच नाक्यांना वळसा. कातडी नाही, आतडं नाही, यकृताची पहिली झडती नाही.

मग इसबवाले, सोरायसिसवाले तिकडे का जातात

माझ्या भावाचं विश्रामबागला मेडिकल आहे. रविवारी मी काउंटरवर बसतो. मागच्या दिवाळीआधी मिरज तालुक्यातले एक काका आले. बाही वर केली तर दोन्ही कोपरांवर बंद्या रुपयाएवढे, नारळाच्या शेंडीसारखे खरखरीत चट्टे, कडेला लाल, वर चंदेरी पापुद्रे, आणि त्या पापुद्र्यांच्या फटीफटीत हळद बसलेली. सोरायसिसचं निदान झालेलं होतं. मलम दोन महिने लावलं, बरं वाटलं, सोडलं, परत आलं. म्हणाले, "अवो डॉक्टर, हळदीचं सलाईन असतंय म्हनं. पोरगं मोबाईलवर बघत हुतं. खाऊन गुण यायला लई दिस लागत्यात, शिरेतनं गेलं तर लगीच."

मेडिकलमधल्या माणसाला आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात, ते सोडा. काकांचा तर्क मात्र मूर्खपणाचा नव्हता. गावात ताप आला तरी सलाईन लावल्याशिवाय डॉक्टरने काही केलं असं वाटत नाही. सुई टोचली की खरं औषध. सॅन डिएगोतल्या त्या सुशिक्षित स्त्रीच्या आणि या काकांच्या डोक्यात एकच हिशेब होता: चांगली वस्तू, मग ती जितकी थेट तितकी चांगली. पुण्या-मुंबईत गोरं होण्यासाठी सलाईन चढवून घेणाऱ्यांचाही हिशेब तोच.

आणि आशा अगदीच हवेतली नाही. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी, ज्यांना वर येऊन गळायला एरवी महिनाभर लागतो, त्या काही दिवसांत वर ढकलल्या जातात, कारण शरीराची संरक्षण यंत्रणा विनाकारण पेटलेली असते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की त्या दाहाचे काही मार्ग मंदावतात. चरकसंहितेत हरिद्रा कुष्ठघ्न गणात आहे, आणि तिथे कुष्ठ म्हणजे फक्त महारोग नव्हे, त्वचेचे कितीतरी विकार. अंगावर पित्त उठतं त्यावर हरिद्राखंड आहे. त्यात हळद तूप आणि दुधात शिजवतात, म्हणजे माझा दुसरा बीकर.

पण बशीतून माणसात आलं की चित्र पालटतं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सोरायसिसच्या 12 जणांना रोज साडेचार ग्रॅम कर्क्युमिनॉइड दिले. आपल्या हळदीत कर्क्युमिन तीन टक्के धरलं तर हे रोज दीडशे ग्रॅम हळदपूड खाण्याइतकं. चांगला गुण आला दोघांना, आणि तोही औषधामुळेच असं संशोधकांना म्हणवलं नाही, कारण सोबत तुलनेचा गटच नव्हता. 2015 मध्ये इटलीत चाचणी झाली ती जास्त नीट होती: सगळ्यांना स्टेरॉइडचं मलम, त्यांतल्या निम्म्यांना जोडीला लेसिथिनमध्ये बांधलेलं कर्क्युमिन. जोडीवाल्यांचे चट्टे अधिक कमी झाले. म्हणजे झालाच तर जोडीदार म्हणून उपयोग, मलमाच्या जागी नव्हे. आणि जानेवारी 2017 मध्ये, म्हणजे त्या स्त्रीच्या मृत्यूच्या दोन महिने आधी, जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत एक लांबलचक आढावा आला. शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही कर्क्युमिन दुहेरी-अंध (खरं औषध कुणाला ते रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसलेल्या), प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी, तुलना केलेल्या चाचणीत ठामपणे पास झालेलं नाही, असा त्याचा सूर. बशीत ते इतकं यशस्वी का दिसतं यालाही त्यांनी उत्तर दिलं: कर्क्युमिन अनेक तपासण्यांनाच फसवतं, स्वतः चमकतं, मोडतं, भलत्याच प्रथिनांना चिकटतं.

इथे कुणीतरी हमखास पेटंटची लढाई काढतं. मीही काढतो, कारण ती आपल्या माणसाने लढवली. 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं, क्रमांक 5,401,504. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे देशातल्या सरकारी वैज्ञानिक प्रयोगशाळांच्या परिषदेचे, प्रमुख. माशेल गाव गोव्यातलं, शिक्षण मुंबईतलं, नंतरची कारकीर्द पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि 1953 चा एक भारतीय शोधनिबंध पुढे टाकला, आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. अभिमान वाटावा असंच. पण त्या खटल्यात सिद्ध झालं ते इतकंच की ही गोष्ट नवी नाही. ती गुणकारी आहे का, किती, कुणाला, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. आपण मात्र तो निकाल औषधाच्या प्रमाणपत्रासारखा भिंतीवर लावलाय.

काकांना मी सांगितलं की असलं सलाईन कुठे मान्य नाही, आणि कुणी लावतो म्हणालं तर उठून यायचं. हळद पापुद्र्यांवर घासू नका, कारण सोरायसिसमध्ये कातडी जिथे खरवडली जाते तिथे नवा चट्टा उठू शकतो. बेसन-हळदीचं उटणं चोळून लावणारे नेमकं तेच करतात. चुना तर अजिबात नको. काहींना हळदीचीच ॲलर्जी असते, कुंकवाच्या जागी खाज उठणाऱ्या बायका सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मलम डॉक्टरने सांगितलं तितके दिवस आणि सांगितलं तसं कमी करत न्यायचं, आपल्या मनाने सोडायचं नाही. ते म्हणाले, "मग जेवनातली?" जेवणातली खा की, म्हटलं, सांगलीत राहून हळद सोडता का. हसले. मलम घेतलं. परत आले नाहीत, दुसरीकडून घेत असतील.

वर्गात दरवर्षी एखादी मुलगी विचारते की सर, मग त्या बाईने काय करायला हवं होतं. तिच्या इसबाची तीव्रता किती होती हे मला माहीत असल्यासारखं मी बोलत नाही. सर्वसाधारण इसबाला काय करतात ते सांगतो: आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात, अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, दाह असेल तिथे स्टेरॉइडचं मलम नेमून दिलेले दिवस, खाजेचं कारण शोधणं. कंटाळवाणं आहे, त्यामुळेच माणसं दुसरीकडे जातात. मग त्या मार्चचं पुढचं पान सांगतो. 28 मार्च 2017 ला, तिच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांच्या आत, एफडीएने मध्यम ते तीव्र इसबासाठी डुपिलुमॅब या औषधाला मंजुरी दिली. तेही इंजेक्शनच, पण त्वचेखाली घ्यायचं, आणि शेकडो रुग्णांवर प्लासिबोशी तुलना करून पाहिलेलं.

तोवर घंटा झालेली असते. बीकर धुवायला नेतात, साबण लागतो, आणि काचेच्या कडेला चिकटलेली हळद लालभडक होते. त्याचा फोटो काढायला दोन-तीन जण मागे राहतातच.